दोन काळ्या तारा, एक उघडी

सेंट जॉन नदीचं खोरं
२२ सप्टेंबर

प्रिय क्लोविस,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर सुचत नाही, म्हणून लिहितो. अक्षर लागेल तसं लावून घे. सहावीतून बटाट्याच्या शेतात गेलो तो परत वर्गात आलो नाही, हे तुला माहीत आहे. तू माझ्या पुढच्याच बाकावर होतास.

तुझी बहीण अजून नदीकाठच्या वृद्धाश्रमात आहे. छातीतलं पाणी गेलं, पण ऑक्सिजनचं मशीन आता जन्माचं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, घरी पाठवायला माझी ना नाही, पण तुमच्या रस्त्याची लाइट गेली की दोन दोन दिवस येत नाही. जोडीला जो सिलिंडर देतात तो काही तासांचा. घराची स्वतःची वीज आहे असं तपासनिसाचं पत्र आणा आणि बायकोला घेऊन जा. नाताळापर्यंत तिची खोली तात्पुरती आहे. त्यानंतर कायमची. हा शब्द त्या इतक्या हळू बोलल्या की मी घरी येऊन जेवलो नाही.

म्हणून सूर्याची वीज घ्यायची ठरवली. गावातली टॅमी मिशो, इलेक्ट्रिशियन, परवा इन्व्हर्टरची पेटी आणि बॅटऱ्या तळघरात ठेवून गेली. पेटी आपल्या शाळेच्या दप्तरापेक्षा फार मोठी नाही. एवढ्यात सूर्य मावणार, असं ती सांगते. मी तिला विचारलं की सूर्याची वीज आणि खांबावरची वीज एकाच तारेत भेटल्या तर भांडत नाहीत का. ती म्हणाली, "काका, तेच तर हे मशीन बघतं."

तिनं मुख्य बोर्डाचं झाकण काढलं. पन्नास वर्षं मी त्या पत्र्याच्या झाकणासमोरून लोणच्याच्या बरण्या नेतोय, आत कधी बघितलं नव्हतं. खांबावरून आलेल्या तीन तारा. दोन काळ्या, अंगठ्याएवढ्या जाड, आणि एक उघडी. त्यांच्यापासून निघालेल्या पंचवीस-तीस बारीक तारा, माणसाच्या छातीत असाव्यात तशा. मी टोपी काढली. टॅमी हसली असेल, मला दिसलं नाही.

आता विचारतो ते नीट वाच. लाइट गेल्यावर घरात वीज चालू राहिली, तर ती उलटी खांबावर जाणार नाही ना? जाऊच शकत नाही असं कोणी लिहून देईल का? तू तीस वर्षं खांबावर काढलीस. तू सांगितलंस तर मी मानेन.

तुझा,
थादे


ब्रिस्टल, कनेक्टिकट
१ ऑक्टोबर

थादे,

तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे, पण कोंबडी आता म्हातारी झालीय एवढाच फरक.

आधी त्या तीन तारांचं सांगतो, म्हणजे तुझी भीती जरा शहाणी होईल. आपण दोघं जंगलात दोन मुठींची लांब करवत ओढायचो, आठवतं? तू ओढलीस की मी सोडायचो, मी ओढली की तू. दोन काळ्या तारा म्हणजे ते दोघं. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली, सेकंदाला साठ वेळा. मधली उघडी तार म्हणजे न्यूट्रल, आपलं लाकूड; ते जागचं हलत नाही. दिव्याला एका माणसाचं बळ पुरतं, म्हणून तो एक काळी आणि उघडी यांच्यामध्ये बसतो, एकशेवीस व्होल्टवर. विहिरीच्या पंपाला दोन्ही माणसं लागतात, म्हणून तो दोन काळ्यांच्या मध्ये, दोनशेचाळीसवर. एवढंच. अख्ख्या देशाची घरं या करवतीवर चालतात आणि शंभरातल्या नव्वदांना पत्ता नाही.

तुझ्या पेटीला ही दोन्ही माणसं स्वतः बनावी लागतात. सूर्याकडून येते ती वीज सरळ असते, नदीसारखी एकाच दिशेनं वाहणारी. तिला पुढं-मागं ओढायला शिकवायचं, तेही दोन तारांवर एकमेकींच्या उलट. मी निवृत्त झालो तेव्हा असलं काही घराच्या तळघरात बसेल असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्याला दवाखान्यात नेलं असतं.

उलटी जाण्याबद्दल: पेटीच्या आत एक दार आहे. बाहेरची तार मेली की ते दार आधी बंद होतं, आणि खांबाशी संबंध तुटलाय याची खात्री झाल्यावरच पेटी घरापुरती वीज करते. टॅमीला विचार, ती दाखवेल.

काम कधी होतंय ते कळव. आल्विनाला सांग, तिच्या भावाला तिच्या हातचे प्लोय, ती कुट्टूच्या पिठाची धिरडी, हवेत. इथं माझी मुलगी पाकिटातलं पीठ आणते, त्याला जाळीच पडत नाही.

क्लोविस


सेंट जॉन नदीचं खोरं
१० ऑक्टोबर

प्रिय क्लोविस,

करवतीचं वाचल्यावर मी तळघरात गेलो आणि बोर्डासमोर स्टूल टाकून बसलो. साठ वेळा. मी एक म्हणेपर्यंत साठ वेळा. आणि आवाज नाही, घाम नाही. आपली तर दुपारपर्यंत पाठ मोडायची.

काचेची तावदानं बटाट्याच्या जुन्या शेतात दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिली. चोवीस आहेत. सकाळी उठून बघतो तर गाईंसारखी एका दिशेला बघत असतात.

एक गंमत सांगतो, हसू नकोस. टॅमीनं विचारलं, लाइट गेल्यावर कुठलं कुठलं चालू ठेवायचं ते लिहून द्या, तेवढ्या तारा मी नव्या छोट्या बोर्डावर घेते. मी बोर्डाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला माझा जुना कागद दिला. तुला ठाऊक आहे, आपल्या रस्त्याला फिलियासचा जनरेटर वादळात घरोघर फिरायचा, प्रत्येकाला दोन तास. तो एका काळ्या तारेपुरताच होता. म्हणून अर्धंच घर जगायचं. मी लिहून ठेवलं होतं: जिवंत बाजू — स्वयंपाकघर, घर गरम ठेवायची भट्टी, फ्रीज. मेलेली बाजू — झोपायची खोली, न्हाणीघर, पंप. वादळात आम्ही दोघं स्वयंपाकघरात गादी टाकून झोपायचो आणि पाणी बादलीनं आणायचो. इतकी वर्षं ते असंच असतं असं मला वाटत होतं. मी टॅमीला म्हणालो, आल्विनाचा पलंग स्वयंपाकघरात हलवतो, जिवंत बाजूला.

तिनं कागद वाचून मला परत दिला. म्हणाली, "काका, या पेटीला दोन्ही बाजू आहेत. काकूंना त्यांच्याच खोलीत झोपवा. आणि विहिरीचं पाणीही येईल."

दोन्ही बाजू. वादळात पाणी. मी वर जाऊन तिला सूप आणून दिलं.

नवा बोर्ड बसला. खोलीची तार, भट्टीची, पंपाची, सगळ्या तिनं एकेक करून इकडे आणल्या, कागदी पट्ट्या लावून. सगळ्या न्यूट्रल एका पट्टीवर, सगळ्या अर्थिंगच्या तारा दुसऱ्या पट्टीवर, आणि त्या दोघींची गाठ फक्त जुन्या मुख्य बोर्डात. दोन ठिकाणी गाठ पडली तर वीज वाट चुकते म्हणे. आता फक्त पेटी आणि खांबाकडचा बोर्ड जोडायचा राहिलाय. तेवढं मी थांबवलंय. बटाट्यांचे दिवस आहेत, सगळे शेतात, टॅमीचा मदतनीसही शेतात. होईल.

ते दार, पेटीतलं. ते अडकलं तर? गंजलं तर? उंदीर गेला तर?

तुझा डावा हात थंडीत दुखतो का अजून? ती दोन बोटं गेलेली जागा? बरेच दिवस विचारायचं होतं.

तुझा,
थादे


ब्रिस्टल
१९ ऑक्टोबर

थादे,

आल्विनाचं पत्र आलं. तिच्या खिडकीतून वाहनतळ दिसतो. ती गाड्या मोजते. लाल किती, पांढऱ्या किती. माझी बहीण, जी खिडकीत बसलेली मी साठ वर्षांत बघितली नाही. तिनं लिहिलंय, "थादे सांगतो काम बटाट्यांमुळे थांबलंय. तो सत्तर वर्षं बटाटे काढतोय, त्याला ते कधी संपतात ते माहीत असेल." आणि टॅमीला मी माझ्या मुलीकडून निरोप धाडला, तर ती म्हणते मदतनीस तिच्याकडे कधी नव्हताच, ती एकटी काम करते.

तू माझ्याशी खोटं बोललास. वाईट नाही वाटलं, पण तुला ते जमतही नाही.

म्हणून शेवटचं समजावतो. पेटीतलं दार एक नाही, दोन आहेत, एकामागे एक. एक अडकलं तर दुसरं बंद होतं, आणि पेटी रोज सकाळी दोन्ही तपासून बघते. बाहेरची वीज गेली की डोळ्याची पापणी लवायच्या आत तिला कळतं. शिवाय घराबाहेर, मीटरशेजारी, एक लाल दांडा बसतो. वीज कंपनी त्याच्याशिवाय परवानगीच देत नाही. लाइनमन येतो, दांडा खाली ओढतो, स्वतःचं कुलूप घालतो, किल्ली खिशात टाकतो. मग तुझ्या पेटीला वेड लागलं तरी तिचा आवाज भिंतीबाहेर जात नाही.

यापेक्षा पक्कं मी तुला काही देऊ शकत नाही. तुझ्या त्या फिरत्या जनरेटरला यातलं काहीच नव्हतं. कपडे वाळवायच्या मशीनच्या सॉकेटमध्ये दोन्हीकडे पिना असलेली केबल खुपसायची आणि मुख्य स्विच बंद केल्याचं देवावर सोपवायचं. अख्खं खोरं तेच करायचं. त्याची भीती वाटली नाही आणि याची वाटते?

आणि माझ्या हाताचं मध्येच काय काढलंस? पंचवीस वर्षांत कधी विचारलं नाहीस.

क्लोविस


सेंट जॉन नदीचं खोरं
२७ ऑक्टोबर

क्लोविस,

हे पत्र मी चार दिवस लिहितोय.

त्या मोठ्या बर्फाच्या वादळात, तुझी बोटं गेली त्या दुपारी, जनरेटरची पाळी माझ्याकडे होती. एक ते तीन. केबल मी लावली. आल्विना सूप करत होती. कधीतरी जनरेटर गुरगुरायला लागला, एखाद्या बैलाच्या मानेवर दुप्पट ओझं टाकावं तसा, आणि बंद पडला. मी दोरी ओढून परत चालू केला. परत बंद पडला. मग मी टॉर्च घेऊन तळघरात गेलो मुख्य स्विच बघायला.

आणि इथं पुढचं मला सांगता येत नाही. तो वर होता की खाली? मी हात लावला हे आठवतं. मी तो खाली केला की तो खालीच होता? पहिल्या वर्षी मला वाटायचं खाली होता. नंतर वाटायला लागलं की मी केला. आता इतक्या वेळा त्या पायऱ्या उतरून झाल्यात की ती आठवण नाण्यासारखी घासून गेलीय, चेहराच राहिला नाही.

संध्याकाळी फिलियास सांगत आला की क्लोविसला खांबावर धक्का बसला, कुठल्या तरी घरातून उलटी वीज आली. तेव्हा मी बोललो नाही. तू दवाखान्यात होतास तेव्हा तुला बटाटे घेऊन आलो, तेव्हा बोललो नाही. तुझ्या बहिणीलाही कधी सांगितलं नाही.

आता कळलं असेल, मी तो शेवटचा जोड का थांबवला. आल्विनाला घरी आणण्यासाठी मला परत घराची तार खांबाला जोडायची आहे, आणि माझा हात पुढं होत नाही. तुझी सगळी दारं, दांडे मी समजलो. वीज माझ्यापेक्षा शहाणी आहे हेही समजलो. मला माझाच भरवसा नाही.

तू मला काय म्हणशील ते म्हण. पण म्हण.

थादे


सेंट जॉन नदीचं खोरं
१८ नोव्हेंबर

प्रिय क्लोविस,

तुझं पत्र आलं नाही. तीन आठवडे मी टपालपेटीपर्यंत जाऊन येतो. न येण्याचा अर्थ मी लावला आहे आणि तो तुझा हक्क आहे. तरी लिहितो, कारण तुझ्या बहिणीची बातमी तुला मिळायलाच हवी.

मागच्या रविवारी आश्रमात गेलो तर नाताळाची वाट न बघताच तिच्या दारावर नाव लावत होते. आत्तापर्यंत कागदाची चिठ्ठी होती. आता पितळेची पट्टी, चार स्क्रूची. माणूस तिसऱ्या स्क्रूवर होता. आल्विना मला म्हणाली, "थादे, तुला कशाची भीती वाटते ते मी विचारत नाही. पण मला इथं मरायचं नाही." मी तिथल्याच फोनवरून टॅमीला म्हणालो, लगेच ये.

टॅमीनं मंगळवारी शेवटचा जोड केला. कंपनीचा माणूस आला, तपासनीस आला. मीटरशेजारी लाल दांडा बसला. तपासनिसानं सगळं बघितलं आणि टॅमीला खुणावलं. टॅमी मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, दांडा तुम्ही ओढायचा.

दुपारचे बारा. शेतात वीतभर बर्फ, आभाळ धुतल्यासारखं, थंडी अशी की नाकातले केस कडक झालेले. ऊन वरून येत होतं आणि बर्फावरून परत वर जात होतं. तावदानांकडे बघवत नव्हतं. मी दांडा धरला. तुझं नाव घेतलं, हे लिहायला लाज नाही. ओढला.

काहीच झालं नाही.

मी वाट बघत उभा राहिलो. मीटरवरचे आकडे गेले होते. खांबाशी आमचा संबंध तुटला होता. आणि खिडकीतून स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता, तसाच. मी आत गेलो. भट्टी चालू. फ्रीज बोलत होता. नळ सोडला, पाणी आलं, विहिरीतून, साठ फुटांवरून, आणि ते कशानं आलं तर समोरच्या शेतात पडलेल्या उन्हानं. मी हात नळाखाली धरून उभा राहिलो. पाणी बर्फासारखं होतं. टॅमी म्हणेपर्यंत हात काढला नाही.

मग तिनं ऑक्सिजनचं मशीन आणलं होतं ते आल्विनाच्या खोलीत लावलं. त्या मेलेल्या बाजूला. ते श्वास घ्यायला लागलं. रिकाम्या खोलीत, कोणी नसताना, पलंगाशेजारी. मला तिथं थांबवेना.

शेवटी दांडा परत वर केला. टॅमीनं मीटर लावून मापलं होतं, तिनं कोरड्या आवाजात सांगितलं की पेटी काही बाहेर सोडत नव्हती. पण एक मला कळलं नाही. खांबावरची वीज परत आली तरी पेटी लगेच तिला भेटली नाही. पाच मिनिटं नुसती थांबली. टॅमी म्हणते, ऐकतेय. काय ऐकते, क्लोविस?

तपासनिसाचं पत्र मिळालं. शुक्रवारी आल्विनाला आणतो.

थादे


ब्रिस्टल
२५ नोव्हेंबर

थादे,

दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात तुला शिव्या होत्या. दुसऱ्यात मोठेपणा होता, तो शिव्यांपेक्षा वाईट होता. हे तिसरं आहे.

त्या फाट्यावर अकरा घरं होती आणि चार जनरेटर. वीज कुठून आली ते कंपनीला कळलं नाही, मला कळलं नाही, आणि तुझ्या त्या पायऱ्या तू अजून हजार वेळा उतरलास तरी तुला कळणार नाही. मी तुला माफ केलं असं लिहू शकत नाही, कारण कशासाठी ते मला ठाऊक नाही. तू नव्हतासच असंही लिहू शकत नाही.

पण माझ्याकडे एक आहे, ते मला नीट ठाऊक आहे. लाइनमनचा नियम असा: तार मेली आहे असं धरून चालायचं नाही. आधी काठीनं तपासायची, जिवंत असली तर काठी ओरडते, मग तिला जमिनीशी जोडणारे चिमटे लावायचे, मगच हात. चिमटे लावले की कुठल्याही घरातून उलटी वीज आली तरी ती जमिनीत जाते. मी सकाळी तपासली होती. मेलेली होती. जेवून परत चढलो तेव्हा तपासली नाही. चिमटे गाडीत बर्फात गोठून बसले होते, ते सोडवायला दहा मिनिटं लागली असती. खाली अकरा घरं थंडीत होती आणि मला वाटलं दहा मिनिटं वाचवू.

चौकशीला मी सांगितलं की तपासली होती. सकाळी, हे सांगितलं नाही. पंचवीस वर्षं सगळे माझा हात बघून कुठल्या तरी निष्काळजी घराला नावं ठेवतात आणि मी ऐकून घेतो. त्या घरात तू असशील असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुझं पत्र वाचून मला तुझा राग आला, आणि मग तुझ्यासारखाच माझाही, आणि ते दोन्ही निस्तरायला तीन आठवडे लागले.

आता पेटी काय ऐकते ते. तुला वाटतं वीज तुमच्या खोऱ्यातली आहे. तशी नाही. नायगाराच्या पाण्यावर फिरणारं चाक, तुमच्या पलीकडे कॅनडातलं, इथलं माझ्या नदीवरचं, खाली थेट फ्लोरिडापर्यंत, हजारो चाकं एकाच तालात फिरतात. एकही पाऊल चुकवत नाही. मी हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि त्या रात्री मला देवाच्या अस्तित्वाबद्दल शंका राहिली नव्हती. तुझी पेटी त्या तालाला कान लावते. पाच मिनिटं. ताल खरंच स्थिर आहे ना, परत मोडणार नाही ना. मग हळूच आपलं पाऊल त्यात मिळवते, स्वयंपाकघरातल्या नाचात उशिरा आलेला पाहुणा मिळवतो तसं. तुझ्या तळघरातली करवत आणि माझ्या मुलीच्या ओट्यावरचं घड्याळ या क्षणी एकत्र ओढतायत.

दोन्हीकडे पिना असलेली ती केबल अजून तुझ्या तळघरात खिळ्यावर असेल. कापून टाक.

आल्विनाला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझं मी तिला कळवलंय.

क्लोविस


सेंट जॉन नदीचं खोरं
१४ डिसेंबर

प्रिय क्लोविस,

तुझं पत्र मी पाठ केलं. आल्विनाला माझं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तू इतकी वर्षं ते मशीन न लावता कपडे दोरीवर वाळवलेस," आणि माझा हात धरून बसली.

सोमवारी वादळ आलं. आधी पाऊस, मग तो तारांवर गोठला, मग वर बर्फ. सकाळी दहाला लांब कुठंतरी काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मी आल्विनाच्या खोलीत धावलो. ती उशीला टेकून मोजे विणत होती. मशीन श्वास घेत होतं. "लाइट गेली," मी म्हणालो. तिनं दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कुठं गेली?" म्हणाली.

अख्खा रस्ता काळा होता, आमचं घर सोडून. दुपारी फिलियास बर्फातून चालत आला, खांद्यावर त्याची जुनी केबल. त्याचा जनरेटर यंदा चालूच होईना. दार उघडलं तसं म्हणाला की तुझ्याकडे आता सूर्य आहे, तर सॉकेटला ही लावू, दोन तास मला दे, मग पलीकडच्यांना, नेहमीसारखं. सवयीनं तो तळघराच्या पायऱ्यांकडे वळलाही होता.

पन्नास वर्षांत मी फिलियासला कशालाच नाही म्हणालो नाही. त्याच्याच जनरेटरवर आमचं मांस कितीदा वाचलं. मी दारात आडवा उभा राहिलो.

"केबल लावायची नाही," मी म्हणालो. "बायकोला घेऊन ये. मांस घेऊन ये. पलीकडच्यांनाही आण. सगळे इथं या, वीज कुठं जाणार नाही."

"म्हातारा झालास आणि चिक्कू झालास," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं का ते. सगळं नाही, पुरेसं. त्यानं खांद्यावरची केबल उतरवली. मग त्यानं ती बाहेर जिन्यावर टाकली आणि बायकोला आणायला गेला.

तीन दिवस घरात नऊ माणसं होती. आल्विना खोलीतून हुकूम सोडत होती, कुणी पीठ कालवायचं, कुणी तवा तापवायचा. प्लोयना जाळी पडली की नाही ते तिला नेऊन दाखवावं लागायचं. मंगळवारी आभाळ भरलेलं होतं, बॅटरीचा आकडा खाली आला आणि मी दर पंधरा मिनिटांनी पायऱ्या उतरत होतो. बुधवारी ऊन पडलं. आकडा चढायला लागला. फिलियासची बायको जपमाळ घेऊन पेटीसमोर उभी राहिली. मी हसलो नाही.

आज सकाळी लाइनमन आले, दोघं, दाढ्यांना बर्फ. एकानं लाल दांडा ओढला, आपलं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मी कोट चढवून त्याच्या मागं खांबापर्यंत गेलो. तो गाडीच्या क्रेनवरच्या बादलीत उभा राहून वर गेला. मी खालून ओरडून विचारलं, तपासली का. तो म्हणाला तपासतोय. थोड्या वेळानं मी परत विचारलं, चिमटे लावणार ना.

तो खाली वाकला. "आजोबा, घरातला दिवा बघून आम्ही काही ठरवत नाही. तार सांगेल तेच."

मग त्यानं लांब काठी पुढं केली आणि तारेला टेकवली. क्लोविस, मी श्वास रोखला. माझ्या मागं घरात नऊ माणसांचं जेवण शिजत होतं, आल्विनाचं मशीन चालू होतं, पंप पाणी चढवत होता. आणि काठी गप्प होती. तार मेलेली होती. मी माझ्या कानांनी ते मेलेपण ऐकलं. त्यानं चिमटे लावले, एक, दोन, तीन, आणि मग हात घातला. काही झालं नाही. त्याची दहाही बोटं मी मोजली, हातमोजे असले तरी.

अजून लाइट आलेली नाही. ते म्हणतात संध्याकाळ होईल. हे पत्र मी


क्लोविस, ही मी, आल्विना.

पेन त्याच्या हातातून गळलं. खुर्चीतच झोपलाय, दुपारचे अडीच वाजलेत. लग्नाला एकावन्न वर्षं झाली, पण लाइट गेलेली असताना थादे झोपलाय हे मी आज पहिल्यांदा बघतेय. तोंड उघडं आहे. घोरतोय. फिलियासनं विचारलं, उठवू का, त्याला सांगायला हवं बॅटरी किती आहे.

मी म्हणाले, राहू दे. मी जागी आहे.